मागे जायची कळ

कपिलच्या मुलीचं नाव विहारात ठेवलं त्या वर्षीची, म्हणजे २०२३ ची गोष्ट. कपिल माझा नातू. त्याची धाकटी बहीण यशोधरा तेव्हा बेल्ह्यात आमच्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. दुसरे लोक ज्यावर आपापले कॉम्प्युटरचे प्रोग्राम उभे करतात, तो सांगाडा तिची कंपनी बनवते. त्यातली मागे जायची कळ बिघडली होती. मागच्या पानावर आलं की तिथं आधी लिहिलेलं गायब व्हायचं.

यशोधराने दुरुस्ती केली आणि मला लॅपटॉपसमोर बसवलं.

"आबा, तुम्ही दाबता तसं कुणी दाबत नाही."

"थट्टा करतीस व्हय?"

"थट्टा कशाला? मला कुठं दाबायचं ते ठाऊक आहे, म्हणून माझ्या हातून चूक होत नाही."

मी साठीत अक्षरं शिकलो. अक्षर चुकलं की शिकवणाऱ्या बाई जवळ यायच्या आत मी पाटी तळहाताने पुसायचो. ती खोड पुढेही राहिली.

नाव, गाव, पीक अशी तीन पानं होती. भरायची आणि मागे यायचं. चारदा नीट झालं. पाचव्यांदा बोट थरथरलं, कळ लागोपाठ दोनदा दाबली गेली. एकदम पहिलं पान आलं. पुढे जाऊन बघतो, तर गावाची जागा रिकामी. यशोधरा चहा गाळत होती. चूक माझीच, असं समजून मी घाईने तिथं पुन्हा 'बेल्हे' लिहिलं.

"कसं चाललंय आबा?"

"झ्याक."

बुधवारी तिने काम पाठवलं आणि डिंभ्याला फोन लावला. तिथं माझी थोरली बहीण लंकाबाई राहायची. यशोधराची आई गेल्यावर तिला लंकाबाईनेच वाढवलं होतं. तिचं हृदय आता थकलं होतं.

"उद्या येते आजी. चार दिवस राहीन."

"ये बाई. आबाला आणू नगं, लई बोलतो."

गुरुवारी सकाळी पिशवी भरून झाली, तोच कंपनीचा निरोप आला. तो सांगाडा वापरणाऱ्या एकाकडे तीच चूक पुन्हा झाली होती, आणि सोमवारच्या आत काम नीट हवं होतं. यशोधराने पिशवी खाली ठेवली. दिवसभर कळ दाबून पाहिली, पण तिच्या हातून काही बिघडेना.

शुक्रवारी तिने विचारलं, "आबा, तुमच्या हातून काही वेगळं झालं होतं का?"

"न्हाई."

नातीने एवढंसं काम दिलं, तेही मला जमलं नाही, हे सांगायची लाज वाटली. तेवढ्यात डिंभ्याचा फोन आला.

"कदी येतीस गं?"

"उद्या, आजी."

"परवाबी उद्याच म्हनलीस."

मी शेजारीच बसलो होतो.

शनिवारी संध्याकाळी तिचे डोळे सुजलेले पाहून मी सगळं सांगितलं. तिने झटकन दोनदा कळ दाबली. गाव गेलं. पहिलं मागे जाणं पुरं होण्याआधीच दुसरं सुरू होत होतं. पहिलं पुरं होईपर्यंत दुसरं थांबवून ठेवायचं, एवढंच करायचं होतं. तासाभरात झालं.

"चूक तुमची नव्हतीच, आबा. हेच तर मी शोधत होते. बुधवारीच सांगायचं ना."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटची एसटी निघून गेली होती. रविवारी ती पहिल्या गाडीने निघाली. घोडेगावात उतरली तेव्हा लंकाबाईचा मुलगा भगवंत याचा फोन आला.

दुरुस्तीच्या नोंदीत यशोधराने माझं नाव घातलंय: चूक खंडूआबांनी शोधली. काढ म्हणालो, तर काढत नाही.

माझी बहीण लंकाबाई रविवार, ८ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी आठच्या सुमारास डिंभ्यात वारली.