फाटकातली दोन धोपाटणी

आमच्या यांनी नौदलात असताना जहाजावर विमान उतरवलं, हे खरं. पण रिटायर होऊन चाकणला आल्यावर पहिल्याच आठवड्यात फियाट शेजारच्या कुशाबाईच्या कांद्याच्या चाळीत घातली, हेही तितकंच खरं. यांच्या शोकसभेत जो उठला त्याने पहिलंच सांगितलं. यशवंतराव असे शूर, यशवंतराव तसे शिस्तीचे. माणूस गेला की लोक त्याला लगेच इस्त्री करून ठेवतात, आणि माझं डोकं फिरतं. म्हणून दुसरं मी सांगते.

आमचं फाटक अरुंद. एका अंगाला कडुनिंब, दुसऱ्या अंगाला ती चाळ. त्या दिवशी बांबू मोडले आणि कांदे गडगडत पार रस्त्यावर गेले. कुशाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"इमान चालवत व्हता म्हणं! आन् साधी गाडी न्हाई व्हय येत?"

हे शांतपणे म्हणाले, "कुशाबाई, समुद्रात जहाज वरखाली हलत असतं. हलत्या जहाजावर उतरलोय मी."

"मंग माझी चाळ तर हलत बी न्हवती की!"

मला हसू आवरेना. नौदलातला कमांडर संध्याकाळपर्यंत डोक्यावर पाटी घेऊन कांदे गोळा करत होता.

पण चूक कबूल करतील तर ते हे कसले! रात्री जेवताना म्हणाले, "रतन, दोष माझा नाही. जहाजाच्या टोकाशी एक माणूस हातात दोन बॅटा घेऊन उभा असायचा. त्याच्याकडं बघून आम्ही उतरायचो. इथं फाटकात कुणी उभंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, माझी कपडे धुवायची दोन्ही धोपाटणी भगव्या रंगात न्हाऊन उन्हात वाळत पडलेली.

"अहो, कपडे आता काय तुमच्या मेडलांनी बडवू?"

"नवीन आणून देतो. आजपासून डेकवर तू."

झालं! रोज संध्याकाळी यांची भोसरीहून यायची वेळ झाली की मी पदर खोचून अंगणात उभी. तिथल्या एका कारखान्यात यांनी नोकरी धरली होती. दोन्ही हात सरळ आडवे धरले तर नीट येताय. एक हात खाली, तर तिकडं वळा. आणि दोन्ही धोपाटणी डोक्यावर फिरवली, तर उतरायचं नाही, फिरून परत यायचं. गल्लीतल्या बाया भाकरी टाकायच्या सोडून बघायला यायच्या. आमची इंद्रायणी कॉलेजात जाणारी पोर, तिला लाजून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"फिरून या म्हटल्यावर का, ते विचारायचं नाही," हे मला समजावून सांगायचे. "गुमान फिरायचं. त्यात कमीपणा नसतो. समुद्रात उतरायला दुसरी जागा तरी कुठाय? यायचं तिथंच असतं."

आता असा नियम बायकोच्या हातात द्यावा का माणसानं? भाकरी झाली नाही, फिरून या. मी रागात आहे, फिरून या. हे बिचारे कांदा मार्केटला वळसा घालून यायचे. हमाल विचारायचे, "सायेब, आज काय?" हे म्हणायचे, "अजून परवानगी नाही."

एकदा गाडीत माझे धाकटे दीर मारुतराव होते, उपाशी. घरात चहाला साखर नव्हती. इंद्रायणी दुकानातून साखर घेऊन येईपर्यंत मी दिराला मार्केटभोवती फिरवत ठेवलं. भाऊजी खाली उतरले ते धुमसत. "वहिनी, दादाचं तुम्ही पार माकड करून टाकलंत!" ती अढी त्यांच्या मनातून काही गेली नाही.

गाडी अंगणात थांबली की हे इंजिन बंद करायचे, खिडकीतून मान बाहेर काढायचे आणि विचारायचे, "कसं झालं?" गाडी सुतासारखी सरळ असली तरी मी म्हणायची, "जरा वाकडंच." म्हणजे उद्या पुन्हा नीट येतील. ते हसायचे. आमचा संसार म्हणजे हाच, दुसरा कसला.

ब्याऐंशी साली पिंपरीच्या हॉस्पिटलात हे गेले. हृदयच थांबलं. इंद्रायणी आणि भाऊजी तिथंच होते. भाऊजींनी कुशाबाईच्या मुलाच्या दुकानात फोन केला. "वहिनी, मेटाडोर तुमच्या फाटकातून शिरायची नाही. परस्पर आळंदीला नेतो. तुम्ही तिकडंच या."

मी म्हटलं, "घरी आणायचं."

"अहो, पण जागा..."

"भाऊजी, त्यांना उतरायला दुसरी जागा नाही. आणा."

मेटाडोर आली. सगळी गल्ली गोळा झालेली. ड्रायव्हरने फाटक बघितलं आणि मान हलवली. "न्हाई जमायचं, बाई."

मी आत गेले, धोपाटणी घेऊन आले, अंगणात उभी राहिले. "माझ्याकडं बघायचं. दुसरीकडं कुठं बघायचं नाही."

गाडी हळूहळू पुढं आली. कडुनिंबापर्यंत ठीक होतं. मग मी काचेतून बघितलं. इतकी वर्षं समोरच्या काचेमागं एकच तोंड असायचं. आज तिथं कुणी परका मिशावाला बसलेला. मला नाही सोसलं. मी तयार नव्हते हो. माझे हात आपसूक डोक्यावर गेले आणि धोपाटणी फिरायला लागली.

भाऊजी गाडीतून ओरडले, "वहिनी! आता कसलं फिरून या?"

ड्रायव्हर गांगरला. मागं वडिलांजवळ इंद्रायणी बसली होती. तिने पुढं वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रडून आवाज बसला होता, तरी मला ऐकू आलं.

"दादा, फिरवून आणा गाडी. का ते विचारायचं नसतं."

गाडी मागं गेली आणि मार्केटकडं वळली. पुढचं इंद्रायणीने मला नंतर सांगितलं. हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली आणि टोप्या काढून उभे राहिले. एकाने विचारलं, "सायेब हायेत का आत?" तेव्हा भाऊजीच म्हणाले, "हायेत. अजून परवानगी नाही." आणि मग तेही पोरासारखे रडले.

तेवढ्या वेळात मी पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले, पदर खोचला. कुशाबाईने येऊन चाळीचे पुढचे दोन बांबू स्वतःच्या हाताने उपटून बाजूला टाकले.

गाडी परत आली. मी दोन्ही हात सरळ आडवे धरले. ना कडुनिंबाला लागली, ना चाळीला. अंगणाच्या मधोमध येऊन थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

खिडकीतून कुणी काही विचारलं नाही. मी मागच्या दाराशी गेले, यांच्या पायांवर हात ठेवला.

"सरळ आलात हो," मी म्हटलं. "अगदी सरळ."