मागील दारची काठी

सुनेनं इंटरनेटवर दुकान काढलं तेव्हा मी तिला विचारलं, "त्या दुकानाक दार खंय आसा गो?" गमतीनं नव्हतं विचारलं. मी मालवणच्या बाजारात उभी हयात मासळी विकली. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, बांगड्याचा कल्ला उचलून बघतं, घासाघीस करतं, माझ्या दोन शिव्या खातं आणि मासे घेऊन जातं. ह्याला मी धंदा म्हणते. तोंड न दाखवता वस्तू मागवणारं गिऱ्हाईक मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. घरात मी मालवणीच बोलते. तुम्हाला कळावं म्हणून बाजारात मुंबईकरांशी बोलायचे तसं सांगतेय.

माझं नाव सत्यवती. सून सलोनी, कुडाळची. मुलगा यतीन, ट्रॉलरवर जायचा. त्याचा बाप तो पाळण्यात असतानाच गेला, तेव्हा त्याला वाढवला मी एकटीनं, आणि लाडावलाही मीच.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला यतीननं बायकोला छोटा विजेचा ओव्हन आणून दिला. ती कुडाळला केकचा क्लास करून आली होती. कागदाच्या वाटीतला केक, वर क्रीमची नक्षी. कपकेक म्हणतात म्हणे. पहिला तिनं नवऱ्याच्या हातात ठेवला आणि ह्या शहाण्यानं तो क्रीमसकट चहात बुडवला. लहानपणापासून त्याची ती खोड. पाव असो, खारी असो, चहात बुडवायचं, पार लगदा होईपर्यंत थांबायचं, मग खायचं. घाई नाही, काही नाही. सलोनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी मात्र पोट धरून हसले होते.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात अवेळी वादळ झालं. यतीनच्या ट्रॉलरवर चौघे होते. दोघांना दुसऱ्या बोटीनं उचललं. एकाचं प्रेत देवगडकडे किनाऱ्याला लागलं. यतीन लागला नाही.

महिना झाल्यावर लोक कुजबुजायला लागले. भटजींना विचारा, दर्भाचा पुतळा करून क्रिया करता येते, असं शेजारीण मला माझ्याच ओट्यावर बसून सांगून गेली. तिला मी त्यानंतर ओट्यावर चढू दिलं नाही. समुद्रानं परत दिला नाही म्हणजे मेला, हे कुणी ठरवलं? कुठल्या बोटीनं उचलला असेल, कुठल्या बंदराला लागला असेल, तुरुंगात असेल. सलोनीच्या गळ्यात मंगळसूत्र राहिलं ते माझ्या हट्टानं. मागील दाराची कडीही मी वादळाच्या दिवसापासून लावली नाही. यतीन समुद्रावरून नेहमी मागील दारानंच यायचा. परसात दगडाची दोण आहे, पाण्याची. तिच्यातल्या पाण्यानं हातपाय धुवायचा आणि तिथूनच हाक मारायचा, "आये, च्या ठेव."

शिमग्यानंतर सलोनी उठली. उठली म्हणजे अंथरुणातून नव्हे, ती रोज उठायचीच, पण त्या दिवशी तिनं ओव्हन पुसून काढला. म्हणाली, "आई, हातार हात ठेवन बसलय तर माका येड लागतला." नारळ-गुळाचे केले, काजूचे केले, कोकमाचं क्रीम करून बघितलं. दोणीच्या काठावर मांडून फोटो काढले, बाजारातल्या सायबर कॅफेत गेली आणि ऑर्कुटवर आमच्या केकांचं पान उघडून आली. मला वाटलं, कोण बघणार? पण मुंबईचे चाकरमानी बघायला लागले. आईबाप इकडे गावात, मुलगे तिकडे. आयशीला फोन करायला ह्यांना वेळ नाही, पण तिच्या वाढदिवसाला बाराचा बॉक्स पाठवा म्हणून रात्रीत संदेश. विकी, यतीनचा दोस्त, रिक्षातून पोचवायचा. धामापूर, मसुरे, कुडाळ, कुठेही. वीज दिवसाचे अर्धे तास गुल असायची, तेव्हा ती आली की सलोनी हातातला घास टाकून ओव्हनकडे धावायची.

ह्या धंद्यात माझं काम एकच होतं. कावळे हाकलणं.

केक पुरते निवल्याशिवाय त्यांच्यावर क्रीम बसत नाही. स्वयंपाकघरात उकाडा, म्हणून ते मागच्या पडवीत वाऱ्याला ठेवायचे. मी शेजारी काठी घेऊन बसायचे, पूर्वी सुक्या मासळीची राखण करायला बसायचे तशी. सलोनी म्हणाली, "आई, जाळा घालूया वरसून, तुमका बसूक नको." मी नको म्हटलं. तिला वाटलं, म्हातारीला काहीतरी काम हवंय. ते खरं नव्हतं. ह्या घरातल्या अन्नाला कावळ्यानं चोच लावायची नाही, हे मी मनाशी धरलं होतं. कावळ्यानं कधी आणि का शिवायचं असतं ते आपल्याला माहीत आहे. माझ्या घरात तशी वेळ आलेली नव्हती. म्हणून केकाचा चुरा नाही, शिताचा दाणा नाही, खरकटंसुद्धा मी परसात पडू देत नव्हते. खड्डा काढून पुरायचे.

कावळे शहाणे. पंधरा दिवसांत आमचं परस सोडून गेले. एक तेवढा राहिला.

तो रोज यायचा. केकांवर झडप घालायचा नाही, ओरडायचा नाही. दोणीच्या काठावर बसायचा आणि पडवीकडे बघायचा. मी काठी आपटली की माडावर जायचा. थोड्या वेळानं पुन्हा दोणीवर. मी त्याला काय काय म्हटलं ते सांगवत नाही. शिरा पडो तुझ्या तोंडार म्हटलं, फटकी येवंदे तुका म्हटलं. एकदा दगड मारला तो पंखाला लागला. दुसऱ्या दिवशी पंख थोडा ओघळलेला, पण आला. मला त्याची भीती वाटायला लागली होती. ज्याची भीती वाटते त्याला माणूस जास्तच शिव्या देतं.

आणि दुसरी गोष्ट. दिवेलागणीला हाक यायची. रोज नाही. पण यायची. दोणीच्या बाजूनं, "आये." तेवढीच. पुढचं चहाचं नाही.

पहिल्यांदा आली तेव्हा मी समई तशीच टाकून धावले. परसात कोणी नव्हतं. दोणीतलं पाणी हलत होतं, पण वारा होता. सलोनीला मी विचारलं नाही. पुढच्या वेळी हाक आली तेव्हा ती केकावर नक्षी काढत होती आणि तिचा हात थांबला. म्हणजे तिनंही ऐकली. दोघी एकमेकींकडे न बघता आपापल्या कामाला लागलो. मला त्या हाकेचा आनंद होता, खोटं कशाला बोलू. हाक मारतो म्हणजे आहे, एवढाच मी त्याचा अर्थ लावला होता.

गणपती झाले. पितृपंधरवडा लागला. म्हाळाच्या दिवसांत केक कोण मागवणार, म्हणून सलोनी जरा विसाव्याला बसली, तर ऑर्कुटवर मुंबईहून एकाचा संदेश आला. सत्यवान नावाचा माणूस, मूळ मसुऱ्याचा. वडील जन्मभर बोटीवर नोकरीला होते, परदेशी बंदरांत केक खायची सवय लागलेली. वारले तेव्हापासून दर म्हाळाला कावळा तासन्‌तास ताटकळत ठेवतो. ह्या वर्षी पानावर तुमचा एक केक ठेवून बघायचा आहे, बिनअंड्याचा कराल का? सलोनीनं केला. विकी मसुऱ्याला देऊन आला. पान ठेवल्याबरोबर कावळ्यानं वडे सोडून केक उचलला, असं त्या माणसानं ऑर्कुटवर आमच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं.

मग काय विचारता. कुणाच्या आजोबांना, कुणाच्या आत्याला, सगळ्यांना केक आवडत होता. सलोनी सकाळपासून बिनअंड्याचे केक भाजत होती आणि विकीची रिक्षा गावोगावच्या मेलेल्यांना बॉक्स पोचवत होती. मला शिसारी आली. जितेपणी ज्यांना कुणी चहाला विचारलं नाही त्यांच्या नावानं नक्षी. पण मी काठी घेऊन बसत होते आणि तो दोणीवर बसत होता.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी सगळे बॉक्स गेले तरी एक केक फळीवर उरला. नारळ-गुळाचा. मी विचारलं, "ह्यो कोणाचो?"

सलोनी म्हणाली, "तेंचो."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ती माझ्यापुढे कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. म्हणाली, "माका सपनात येतत. भिजलेले. बोलणत नाय, खाली टोपाकडे बघतत. आई, तेंका भूक लागली आसा. तुमका हाक मारतत ती कित्याक, तुमका कळणा नाय?"

"तो जितो आसा," मी म्हटलं.

"जितो आसलो तर कावळो शिवाचो नाय."

मी म्हटलं, "बरा. घाल पान. मी सोता बसतलंय थंय. कावळो शिवलो नाय, तर परत ह्या घरात ह्यो विषय काढूचो नाय." क्रिया झालेली नाही, भटजी नाही, म्हाळ नाही. नुसतं पान. मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी तिनं केळीचं पान परसातल्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, मांडलं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर आणि बाजूला तो केक. मी पडवीत माझ्या जागेवर बसले. आजूबाजूच्या घरांतून काव काव चालली होती, एकेक पान शिवून होत होतं, माणसं जेवायला बसत होती. आमच्याकडे कोणी आलं नाही. तो माडावर होता. एका डोळ्यानं बघत होता. खाली उतरत नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. खिरीवर साय धरली. माझ्या छातीवरचा धोंडा हळूहळू उतरत होता. मी देवाला मनातल्या मनात हात जोडले, भराडी देवीला नवस बोलले, येऊ दे पोराला, जत्रेला त्याला घेऊन येते. मग सलोनीला म्हटलं, "बघलंस? इतक्या वेळात सगळ्या गावाचा शिवान झाला. माझो झिल जितो आसा."

ती रडेल असं वाटलं होतं. ती माझ्या मांडीकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "काठी."

काठी माझ्या हातात होती. सकाळपासून. मी ती कधी उचलली मला आठवत नाही. तिथं बसायचं म्हणजे काठी घेऊनच, हाताला तेवढंच माहीत. मी वर बघितलं. तो पानाकडे बघतच नव्हता. काठीकडे बघत होता.

शिमग्यापासून हा एकटा येत होता. बाकीचे गेले, हा गेला नाही. झडप घातली नाही, चोरलं नाही, पायरीशी आल्यासारखा दोणीवर बसून वाट बघितली. आणि मी रोज हाकललं. दगड मारला. तोंडार शिरा पडो म्हटलं. ज्याला मी कधी चहा घेतल्याशिवाय बंदरावर पाठवला नाही, त्याला.

किंवा तो नुसता कावळा असेल. काठीला घाबरणारा कावळा. सलोनीनं काठी मागितली नाही. तिनं मागितली असती तर मी दिली नसती, भांडले असते, आणि ते सोपं गेलं असतं. काठी हातात असेपर्यंत माझा मुलगा जिवंत होता. खाली ठेवायची की नाही ते माझं मला ठरवायचं होतं.

मी काठी खाली ठेवली. पायानं पडवीखाली ढकलली. हात रिकामे करून मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "ये रे बाबा. जेव. मी काय करूचंय नाय."

तो लगेच आला नाही. आधी दोणीवर उतरला, नेहमीच्या जागी. माझ्याकडे बघितलं. मला वाटत होतं, नको येऊ. अजून वेळ आहे, परत जा माडावर, मी आयुष्यभर वाट बघेन. तो गडग्यावर गेला, वडे ओलांडले आणि केक उचलला. उचलून दोणीवर आणला, पाण्यात बुडवला, आणि तसाच धरून थांबला. केक मऊ होऊन विरघळायला लागेपर्यंत थांबला. मग खाल्ला. घाई नाही, काही नाही.

कावळे सुकं अन्न पाण्यात भिजवूनच खातात. मी जन्मभर बघत आले आहे. सलोनी तोंडावर पदर दाबून खाली बसली. मी तिला जवळ घेतलं, आणि मग मी रडले, वादळानंतर पहिल्यांदाच. तोपर्यंत रडायला काही कारण आहे असं मी मानलंच नव्हतं.

दिवेलागणीला मी समई लावली आणि कान देऊन बसले. शेजारच्या घरात भांडी वाजत होती. समुद्राचा आवाज येत होता, तो नेहमीच येतो. दोणीकडून काही आलं नाही. सलोनी मागील दारापाशी उभी होती, कडीवर हात ठेवून, माझ्याकडे बघत.

"घाल," मी म्हटलं.

तिनं कडी घातली. मी आत जाऊन दोन कप चहा ठेवला.