दोन मोटरींचं जू

गुरुवारी दुपारी दोन ते तीन या तासाभरात रेणुका टीचर खोलीच्या दारातून नऊ वेळा बाहेर आल्या आणि नऊ वेळा आत गेल्या. मी शेजारच्या वाचनालयात बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणं हे माझं काम, आणि वाचायला कुणी येत नाही म्हणून मी रस्त्याचीच नोंद ठेवतो.

मादन हिप्परग्याजवळच्या आमच्या गावात ही खोली पंचायतीची. टीचरनी तिथं पोरांसाठी विज्ञानाचा वर्ग मांडला होता. कुणीतरी खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची दोन जुनी खोकी पाठवली होती. ठोकळा ठोकळ्यावर दाबायचा, घर करा, पूल करा, गाडी करा. पण पंचायतीचे सदस्य बसवप्रभू यांचा मंडपाचा धंदा. लग्नसराई तोंडावर आली, आणि लोखंडी खांब ठेवायला त्यांना तीच खोली पाहिजे होती.

"खेळण्याला खोली कामून लागती?" ते सभेत म्हणाले.

"खेळणं न्हाई अण्णा," टीचर तावातावात बोलून गेल्या, "पोरांची गाडी नारळ घिऊन चढ चढंल. बगाच."

बसवप्रभूंनी बोलणं तिथंच धरलं. शनिवारी अकराला, पंचायतीच्या दारात व्हीलचेअरसाठी केलेल्या उतारावर. नारळ वर पोचला तर खोली टीचरची, नाही पोचला तर खांबांची. अध्यक्ष भागम्मांनी मान हलवली आणि ते लिहून झालं.

गुरुवारी खोलीत सतरा जण आले. बघायला पाच, सल्ला द्यायला बारा.

अडचण अशी होती. एका खोक्यात मोठी करडी मोटर निघाली, ताकदवान पण संथ. ती एकटी नारळ घेऊन अर्ध्यात अडायची. तिचा वेग दात्यांच्या चाकांनी आणखी कमी करून जोर वाढवावा, तर प्लास्टिकचे दाते कटकट घसरायचे. दुसऱ्या खोक्यातली लाल मोटर छोटी, भारी चपळ, पण नारळ ठेवला की जागेवर गुरगुरायची. टीचर ओढणीचं टोक चावत एकीकडून दुसरीकडं फिरत होत्या.

लिंगाप्पा, पंचायतीचा शिपाई, दारात झाडू धरून उभा होता. त्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या बैलांमागं औत हाकण्यात गेलं. तो म्हणाला, "टीचर, एका बैलानं औत वडलं जातंय व्हय? दोघांला एका जुवाला बांदा."

टीचरनी दोन्ही मोटरी एकाच आसाला जोडल्या. सपाटीवर गाडी अशी पळाली की पोरांनी टाळ्या पिटल्या. चढावर मात्र दोन हात गेली, घुंईं केलं आणि गप्प झाली. ताण जास्त झाला की सेलचा डबा आपोआप बंद पडतो, तसा तो पडला. दहा वेळा चढवली, दहा वेळा पडला.

शुक्रवारी सकाळी बसवप्रभूंचा ट्रॅक्टर खांब भरून खोलीसमोर येऊन उभा राहिला.

"घाई न्हाई टीचर," ते म्हणाले, "ह्यो हितंच उबा ऱ्हाईल."

"उद्या अकराला अजून लई येळ हाय, अण्णा."

"म्हूनच म्हणलं, घाई न्हाई."

त्यानंतर टीचरनी तेल घातलं, सेल बदलले, चाकं बदलली. सेल ताजे म्हणजे ताण जास्त, डबा आणखी लवकर बंद. दुपारी लिंगाप्पा आत आला, खाली बसला आणि त्यानं आजारी जनावराला लावावा तसा छोट्या मोटरीला हात लावला.

"ही तापली की. अन् मोठी थंडगार." तो स्वतःवरच चिडला. "माजंच चुकलं बगा. जू सांगितलं, चाल इसरलो. मोठी सावकाश चालायलीय, हिला पळायचंय. पळू दीना झाली की हिला धाप लागायलीय. बाजारात जोडी घेताना रंग, शिंगं इकणारा दाखवतो. आमी दोघांला रिकामं चालवून चाल बगतो."

टीचर पहिल्यांदाच एका जागी उभ्या राहिल्या. "अप्पा, मोटरची चाल मोजायची कशी?"

"पताकांचा दोरा हाय का?"

दोन्ही मोटरींना सारखं रीळ बसवलं, दोऱ्याचं टोक बांधलं, पोरांनी दहा आकडे म्हटले. लिंगाप्पानं गुंडाळलेला दोरा उलगडून वितीनं मोजला. मोठीनं सहा वीत ओढला, छोटीनं अठरा.

"तिप्पट!" टीचर खोक्यावर तुटून पडल्या. तळातून आठ दात्यांचं चाक निघालं, चोवीस दात्यांचं निघालं. आठचं छोटीला लावलं, चोवीसचं आसाला. आता छोटी तीन फेरे घेणार तेव्हा आस एक फिरणार. मोठी होती तशीच. पाच वाजता गाडी नारळ घेऊन वर गेली, मुंगीच्या चालीनं, पण गेली.

शनिवारी अकराला निम्मं गाव उतारापाशी होतं. भागम्मा आल्या, गाडी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"नवी गाडी अन् पूजा न्हाई? अशी चालवत्यात का?"

कुणाला काही बोलायची सवड मिळाली नाही. हळदीकुंकू लागलं. चाकाखाली लिंबं ठेवली. लिंबं चाकांपेक्षा मोठी, गाडी त्यांच्यावर मचाणासारखी बसली. आणि शेजारी ठेवलेला नारळ उचलून भागम्मांनी पायरीवर फोडला.

गाडीवर चढवायचा तोच नारळ. पोरांच्या तोंडात खोबरं पडलं तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"अवो अक्का!" टीचरच्या तोंडून एवढंच निघालं.

"आसू द्या, आसू द्या," बसवप्रभू लगबगीनं ट्रॅक्टरकडं गेले आणि मुहूर्ताच्या खांबाला बांधायचा, सालीसकट नारळ घेऊन आले. पहिल्याच्या दीडपट. "ठरावात नारळ म्हणलंय. ह्यो नारळ न्हाई व्हय?"

टीचर लिंगाप्पाकडं बघायला लागल्या. तो म्हणाला, "चाल जुळलीय. सोडा."

टीचरनी लिंबं काढली, नारळ ठेवला. गाडी निघाली. एक हात. दोन हात, जिथं डबा पडायचा ती जागा. आवाज जड झाला. बसवप्रभूंनी घड्याळ बघितलं, ट्रॅक्टरकडं गेले, परत आले, परत गेले. मी मोजत होतो.

"थांबली का?"

"सरकायलीय," लिंगाप्पा म्हणाला.

"मला तर थांबल्यावानी दिसायलीय."

"तुमी थांबा मंजे दिसंल, अण्णा."

पुढची चाकं वरच्या फरशीवर चढली, मग मागची. त्या हिसक्यानं नारळ घरंगळला आणि उतारावरून टणाटण खाली बसवप्रभूंच्या पायापाशी आला.

"पोचला न्हाई!" ते ओरडले. "खाली आला!"

"वर गेल्ता म्हून खाली आला," भागम्मा म्हणाल्या. "मागल्या इलेक्शनात तूबी पडलास की रे. तरी नावापुढं माजी सदस्य लावूनच हिंडत हुतास ना?"

हशा पिकला. टीचर हसल्या नाहीत. त्या पायऱ्या दोन-दोन करत वर धावल्या. तोवर लिंगाप्पा गाडीपाशी वाकून बसला होता. त्यानं आधी छोटीला हात लावला, मग मोठीला.

"सारख्याच कोमट," तो म्हणाला.

खालून ट्रॅक्टरवाल्यानं हाक मारली, "बसवण्णा, खांब कुटं टाकू?"

टीचर खाली जाऊन तोच मोठा नारळ उचलत होत्या. त्यांना तो खाली न पडता पुन्हा एकदा चढवायचा होता.