तोंडातला धागा

मित्रांनो, मी एक जुने अंगुस्तान आहे. सुई बोटात रुतू नये म्हणून शिंपी घालतात ना, ते पितळेचे टोपण. माझा धनी बारेंड, ॲमस्टरडॅमचा ज्यू शिंपी. त्याच्या बोटावर मी वीस वर्षे राहिले. लोक त्याच्या शिलाईची तारीफ करायचे आणि मी उगाच फुशारून जायचे!

मग नाझी आले. घराघरांतून ज्यूंना धरून नेऊ लागले. दूर उत्तरेच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका खेड्यात फेम्के नावाच्या विधवेने आम्हाला गोठ्याच्या माळ्यावर, गवतात लपवले. दोन हिवाळे तिथे गेले. खाली गाई रवंथ करायच्या, कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची, आणि त्या उजेडात बारेंड फेम्केचे कपडे शिवायचा. धागा संपला, तरी रिकामी सुई चालवत बसायचा. तेव्हा मला वाटे, आपण दुकानातच आहोत, बाहेर ट्रामची घंटा वाजते आहे.

अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा झाला, की तो फेम्केला बजावायचा, "बाई, आधी धागा चावा. अंगावर शिवतात ते मेलेल्याचं कफन. जित्याने चावत राहावं, नाहीतर अक्कल शिवली जाते. माझी आजी सांगायची."

"अक्कल असती तर तुम्हाला ठेवून घेतलं असतं का?" फेम्के हसायची, पण चावायची. सवयच लागली हो तिला!

एकदा बारेंड मला तिच्या कोटाच्या खिशात विसरला. पावाच्या रांगेत नेमके त्या कोटाचे बटण लोंबू लागले. शेजारीण ट्रीन्त्ये म्हणाली, "थांब, लावून देते." सुईदोरा तिच्या पिशवीत होता, मी खिशात तिच्या हाताला लागले. मला बोटात घालून तिने सुई टोचली मात्र, फेम्केने धागा तोंडात धरला.

ट्रीन्त्येचा हात थांबला. लग्नाआधी ती ॲमस्टरडॅमला ज्यूंच्या घरी कामाला होती. ही रीत कुणाची, हे तिला पक्के ठाऊक होते. तेवढ्यात रांगेवरचा, नाझींच्या हाताखालचा पोलीस जवळ आला.

"काय गं, धागा का चघळतेस?"

फेम्के पांढरीफटक पडली. माझ्या बारेंडचा जीव त्या वीतभर धाग्याला टांगला होता.

ट्रीन्त्येने दुसरा धागा तोडून स्वतःच्या तोंडात घातला. "आमच्या गावची रीत आहे, साहेब. बायकांचं तोंड तेवढंच बंद राहतं!"

रांग हसली. मागच्या दोघीतिघींनीही धागे मागून तोंडात धरले. पोलीस पुढे गेला.

परतताना ट्रीन्त्ये एवढेच पुटपुटली, "अंगुस्तान चांगलं आहे. सांग त्याला, हरवू नको म्हणावं."

युद्ध संपले, बारेंड जिवंत खाली उतरला. शहरात जाऊन आला. त्याच्या गल्लीत ओळखीचे कुणीच उरले नव्हते. मग तो मरेपर्यंत फेम्केच्याच गावात शिवत राहिला.

आता मी तिच्या नातीच्या खणात पडून आहे, हिरवे पडले आहे. कुणी घासत नाही, याचे वाईट वाटते. पण बटण लावताना त्या गावच्या लेकीबाळी अजून धागा चावतात. विचारले तर म्हणतात, आमच्या गावची रीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आणि एखादी रीत जपाल, तेव्हा ती कुणाची, तेही विचारा. ही बारेंडच्या आजीची होती.