महादूची चाल

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात महादूला वालावलच्या देवळामागच्या पडवीत शिकवायला बसवलं, त्याला कारण त्याचा डावा गुडघा. दशावतारात उभं आयुष्य राण्यांची कामं केलेला हा माणूस. लुगडं नेसून फिरकी घ्यायला लागला की पुढे बसलेल्या बायका नकळत आपला पदर सावरीत. पण गुडघ्याने दगा दिला आणि कंपनीचा मालक हरिश्चंद्र सरळच म्हणाला, की आता गुरुदासाला राणीसाठी तयार कर. तो राणी म्हणून उभा राहिला तर कंपनीत मास्तर म्हणून राहशील, नाही तर घरी बस. गोड बोलायची सवय त्या घराण्यातच नव्हती.

गुरुदास काही नवशिका नव्हता. दासीची, सखीची कामं करून त्याचे पाय तयार झाले होते; राणी मात्र अंगात येत नव्हती. अशा अर्ध्या वाटेवरच्याला शिकवणं सगळ्यात वाईट. नवख्याला कोणीही पाय उचलायला शिकवतो, मुरलेल्याला शिकवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. याचं मात्र आहे ते मोडायचं नाही आणि नाही ते घालायचं. म्हणून शिकवायचं कसं, हे महादूला शिकवायला कंपनीचे म्हातारे मृदंगी गंगाराम येऊन बसत.

गंगारामांचा एकच हट्ट होता. मास्तराने नाचून दाखवायचं नाही, बसल्या जागेवरून तोंडाने सांगायचं. महादूला ते जमेना. दशावतारात कोण कुणाला सांगून शिकलंय? सगळे कडेला उभे राहून, बघून शिकलेले. दोन वाक्यं बोलला की त्याची जीभ अडे, आणि कमरेला पंचा खोचून तो उठे.

"बस," गंगाराम म्हणत. "तुजा आंग बोलता रे, पण ता काय काय सांगता, ता तुका खंय कळता?"

महादूच्या मस्तकात तिडीक जाई. म्हातारा जळतो माझ्यावर, असं त्याने बायकोला, सत्यवतीला सांगितलंसुद्धा. तिने त्याच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधता बांधता नुसतं हूं केलं. मग गंगारामांनी तापाने अंथरूण धरलं आणि महादूला रान मोकळं मिळालं. उरलेला पावसाळाभर तो नाचत होता आणि गुरुदास टिपकागदासारखं सगळं उचलत होता. इतकं सुख महादूला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

कार्तिकातल्या जत्रेत गुरुदास राणी होऊन उभा राहिला आणि पहिल्याच फिरकीला लोक खूश झाले. महादूच तो, अगदी महादूच, असं जो तो म्हणू लागला. हरिश्चंद्राने महादूच्या पाठीवर थाप मारली. मास्तरकी पक्की झाली. महादूचे डोळे भरून आले आणि त्या भरल्या डोळ्यांनाच ते दिसलं. फिरकी संपली की राणीचा डावा पाय किंचित ओढत येत होता, सगळा भार उजव्यावर टाकून ती कमरेत कलत होती. लोकांना तो राणीचा डौल वाटला. महादूला त्यात आपला मोडका गुडघा दिसला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने बसून, तोंडाने सांगून पाहिलं. पण पाय सरळ टाकला की गुरुदासाचा तोल जाई. लोकांना आवडलंय त्याला हात लावू नकोस, असं मालकाने बजावलं. गंगारामांना विचारावं, तर ते दिवाळीआधीच गेले होते.

शिमग्याच्या सुमारास मंडळी सामान घेऊन देवगडच्या बाजूला चालली होती. चढणीवर गुरुदास मागे पडला. पंचविशीतला गडी, पण दर पावलाला थांबत होता. महादू त्याच्यासाठी मागे राहिला.

"काका," गुरुदास हळूच म्हणाला, "तुमचा ढोपर पयल्यांदा दुखाक लागला, तेवा तुमी मालकाक सांगितलात?"

"नाय."

"मगे माझापण सांगा नकात."

महादूने गुरुदासाच्या डोक्यावरचं गाठोडं काढून आपल्या डोक्यावर घेतलं, आणि दोघे सारखेच लंगडत चढण चढू लागले.