चौदा नंबरचं रोप

काकूंनी पाण्याचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरला होता आणि अवजारांच्या खोलीत जमलेली सात-आठ माणसं श्वास रोखून त्यात बघत होती. ग्लासात टोमॅटोच्या खोडाचा बोटभर तुकडा होता, सेफ्टी पिनेला अडकवून अर्धा पाण्यात सोडलेला.

"हात हलवू नका हं," कृषी विद्यापीठातून आलेली विस्तारवाली म्हणाली.

"तेहेतीस वर्षं सलाइन लावलीयेत मी," काकू म्हणाल्या. "हात नाही हलायचा."

दोन मिनिटंही झाली नसतील, तोच खोडाच्या कापलेल्या टोकातून एक पांढरा धागा सुटला. दुधासारखा, केसाइतका बारीक, सरळ खाली उतरत गेला. मग दुसरा. मग तिसरा.

"अगं बाई!"

"हे जंतू," विस्तारवाली म्हणाली. बातमी वाईट होती, पण तिला आनंद लपवता येत नव्हता; चोर सापडल्यावर पोलिसाला होतो तसला. "खोडातल्या पाण्याच्या वाटाच यांनी बुजवून टाकल्यात. म्हणून रोप हिरवंगार असताना दुपारी मान टाकतं आणि परत उठत नाही. ह्याला मर म्हणतात. रोप सुकलं म्हणून तुम्ही पाणी ओतत होतात आणि त्याच पाण्याबरोबर हे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जात होते."

बस डेपोच्या मागच्या मोकळ्या जागेत चाळीस कुटुंबांना भाजी लावायला एकेक वाफा मिळालेला होता. गेली चार वर्षं तिथे टोमॅटो टिकत नव्हता. कुणी राख टाकून बघितली, कुणी साबणाचं पाणी मारलं, कुणी शेजाऱ्याच्या नजरेवर खापर फोडलं. शेवटी शहराबाहेरच्या कृषी विद्यापीठाला पत्र गेलं आणि तिथल्या विस्तार विभागातून ही मुलगी स्कूटरवरून आली. लोकांच्या बागेत, लोकांच्याच हातून संशोधन करून घ्यायचं, हे तिच्या विभागाचं काम. तिचं नाव विचारायच्या आधीच सगळे तिला विस्तारवाली म्हणायला लागले.

"मग औषध काय?" कुणीतरी विचारलं.

"औषध नाही. पण वांग्याच्या एका जातीची मुळं ह्या जंतूंना दाद देत नाहीत. तिच्यावर टोमॅटोचं कलम करायचं. खाली वांगं, वर टोमॅटो."

"म्हणजे घरजावई म्हणा की!" काका म्हणाले, आणि खोली हसली.

काकांना सगळे घड्याळकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी मनगटी घड्याळं दुरुस्त केली होती. काकू सरकारी इस्पितळातल्या सिस्टर. वॉर्ड सुटला तरी वॉर्डातला आवाज सुटला नव्हता. दोघांचा वाफा डेपोच्या भिंतीलगत, अगदी उताराच्या टोकाला. पावसाचं, नळाचं, सगळ्यांच्या वाफ्यांचं पाणी उतरून तिथेच यायचं, त्यामुळे मर तिथे सगळ्यांत जास्त. विस्तारवालीने प्रयोगासाठी नेमकी तीच जागा मागितली.

कलमं काकांनी केली. डोळ्याला भिंग लावून, ब्लेडनं दोन्ही देठ एकाच तिरक्या कोनात कापायचे, जोडायचे, वर चिमुकली क्लिप. विस्तारवाली बघतच राहिली. "काका, आमच्या विद्यार्थ्यांची दहातली सहा जगतात. तुमची एकूण एक धरली!"

"घड्याळाच्या मानानं हे सोपं आहे," काका म्हणाले. "हे आपणहून जुळतं तरी."

वीस कलमी रोपं, वीस साधी. वरचं बियाणं दोन्हींचं एकच. कुठलं कुठे लावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. काकांना आपली कलमं चांगल्या उन्हात हवी होती, पण विस्तारवाली बधली नाही. "प्रयोगात लाड चालत नाहीत, काका." नोंदवही काकूंकडे आली. रोज सकाळी सातला राउंड. एक ते चाळीस, प्रत्येकापुढे शेरा.

पाचव्या सकाळी चौदा नंबर आडवा दिसला. साधं रोप होतं, रात्रीत अळीने बुडाशी कुरतडून टाकलेलं. काकांची पाठ धरली होती म्हणून ते घरी. काकू एकट्याच त्या रिकाम्या आळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. रांगेत मध्येच रिकामा बेड त्यांना कधी बघवला नव्हता. आणि फाटकातून वळसा घालून, भिंतीपलीकडच्या नालीत, टोमॅटोची रोपं आपोआप उगवलेली होती. कुणा ड्रायव्हरच्या डब्यातून बी पडलं असेल. हाताला येईल ते एक काकूंनी मुळासकट उचललं, चौदा नंबरच्या आळ्यात बसवलं, पाणी घातलं आणि वहीत लिहिलं: "१४, ठीक."

तो "ठीक" त्यांना टोचत राहिला. वॉर्डात चार्टवर खोटं लिहिणाऱ्या सिस्टरला त्यांनी स्वतः खडसावलेलं होतं. सांगू सांगू म्हणता महिना गेला.

मग उन्हं तापली आणि मर आली.

पहिल्या दिवशी तीन साध्या रोपांनी माना टाकल्या. तिसऱ्या दिवशी आठ. पाचव्या दिवशी अख्खी बाग दुपारी त्या वाफ्याभोवती गोळा झाली, मॅच बघायला जमावं तशी. कलमी रोपं ताठ! शेजारी साधी लोळागोळा, आणि मध्ये ही हिरवी, फुलांनी भरलेली. पेन्शनर मास्तर मोठ्यानं आकडे पुकारू लागले. काका प्रत्येक आकड्याला मांडीवर थाप मारत होते. नवव्या दिवशी हिशेब असा होता: कलमी वीसपैकी अठरा उभी, साधी वीसपैकी एकोणीस आडवी.

आणि एक उभं. चौदा नंबर.

विस्तारवाली त्या दिवशी आली ती हेल्मेट न काढताच वाफ्यात घुसली. चौदा नंबरपुढे गुडघे टेकून तिने खोड बोटांनी चाचपलं. "कलमाचा जोड नाही," ती पुटपुटली. "साधंच आहे. साधं, आणि उभं!" एक फांदी कापून ग्लासात सोडली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाणी स्वच्छ. तिने वर बघितलं तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "काका, हे तुमच्याच बियाण्याचं ना? मग ह्याचे घोस असे लांब का? फळं गोट्यांएवढीच का?"

"मी तेच दिलंय सगळ्यांना," काका गोंधळून म्हणाले.

"ते माझं पाप आहे," काकू म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. काकूंनी पदराला हात पुसले आणि सगळं सांगून टाकलं. अळी, रिकामं आळं, वहीतला शेरा. "चार्ट खोटा लिहिला मी. ह्या वयात. तुझा प्रयोग बिघडवला, पोरी."

"अगं, मला तरी सांगायचंस!" काका ओरडले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर डेपोतल्या कंडक्टरांनाही कळलं असतं!"

विस्तारवालीने वही उघडली, लाल पेन काढलं आणि चौदावर आडवी रेघ मारली. "चौदा नंबर प्रयोगातून बाद. कारण तुमच्या हातानं लिहा, काकू. तारीख घाला, सही करा." काकूंनी लिहिलं. वही मिटून विस्तारवालीने त्यांचे दोन्ही खांदे धरले. "झालं. ते संपलं. आता मला नीट सांगा, हे रोप आणलंत कुठून?"

"त्या नालीतून. तिथे नेहमीच उगवतात."

"नेहमी म्हणजे?"

"वाफा मिळाल्यापासून बघतेय. चार वर्षं झाली."

"आणि सगळ्या बागेचं पाणी उतरतं ते..."

"तिथेच. सगळं त्या नालीतच जातं."

विस्तारवाली उभी राहिली. "काकू, कळतंय का तुम्हाला? चार वर्षं अख्ख्या बागेतले जंतू वाहून तिथे येतायत, आणि तिथेच टोमॅटो फळतोय! दरवर्षी जे कच्चं होतं ते मेलं असणार, टिकलं त्याचंच बी पुन्हा पडलं असणार. आम्ही असलं रोप शोधायला कुठे कुठे फिरतो!"

"नालीत?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "अहो, पण आज सकाळी भिंतीपलीकडे काँक्रीटचा मिक्सर लागलेला बघितला मी. नाली पक्की करतायत."

विस्तारवाली पळत सुटली. मागोमाग काकू, साडी खोचून, गुडघ्यांची पर्वा न करता. काका सगळ्यांत मागे, "हळू, हळू" म्हणत स्वतःच धावत.

नालीचा अर्धा भाग ओल्या काँक्रीटनं गुळगुळीत झाला होता. मुकादम पुढच्या भागाकडे हात करून गड्यांना सांगत होता आणि मिक्सरचं तोंड खाली झुकत होतं.

"थांबवा ते!" काकूंचा वॉर्डातला आवाज निघाला. मिक्सरवाल्याचा हात आपोआप थांबला. समोरच्या बसचा ड्रायव्हरही खिडकीतून बाहेर डोकावला.

"ओ बाई, काय झालं? कोण पडलं?" मुकादम धावत आला.

"पडलं नाही कुणी. ते टोमॅटो," विस्तारवाली धापा टाकत म्हणाली. "ते काढून घेऊ द्या आम्हाला."

"टोमॅटो?" मुकादमाने नालीत बघितलं, मग तिघांकडे. "बाजारात ढीग लागलेत की."

"ह्याला मर लागत नाही. ऐन फुलावर आलेलं रोप दुपारी आडवं होतं ना, तो रोग. ह्या नालीतल्या रोपांना तो होत नाहीये. आत्ता हे गाडलं गेलं, तर पुन्हा कुठे मिळेल सांगता यायचं नाही."

मुकादमाने डोक्यावरचं हेल्मेट मागे सरकवलं. मग म्हणाला, "आमच्या घरी कुंडीतले असेच जातात. मंडळी मला बोलतात, तुम्ही सिमेंटचे हात लावता म्हणून." त्याने मिक्सरकडे बघून हात वर केला. "दहा मिनिटं. माल घट्ट झाला तर फावडं मारायला तुम्हाला बोलावीन."

नालीच्या उरलेल्या भागात तीनच रोपं शाबूत होती. एकावर बुटाचा पाय पडलेला होता, पण मूळ घट्ट होतं. मुकादमाने स्वतः पहार घालून कड सैल केली. विस्तारवालीने पोटावर पडून दोन्ही हातांनी मुळाभोवतीचा चिखल उचलला. काका ओणवे होऊन गळलेली पिकली फळं वेचत होते. एक घरंगळून ओल्या काँक्रीटच्या काठाशी गेलं, तर ते त्यांनी खिशातल्या चिमट्यानं अलगद उचललं.

"सतरा!" ते ओरडले. "सतरा फळं!"

"हे घ्या घमेलं," मुकादम म्हणाला. "परत पाहिजे हं पण."

विस्तारवालीने स्कूटर सुरू केली. मागे काकू, मांडीवर घमेलं, घमेल्यात चिखल, तीन रोपं आणि रुमालात बांधलेली फळं. डोक्याला हेल्मेट काकांनी मुकादमाकडून मागून आणलेलं, पिवळं, बांधकामाचं.

"आणि मी?" काका म्हणाले.

"बसने या!" काकू ओरडल्या. "डेपोतच उभे आहात!"

त्या फळांच्या बियांतून विद्यापीठात तीस रोपं झाली. शेजारी बाजारातल्या नेहमीच्या बियाण्याची तीस. साठ कुंड्यांवर नुसते आकडे टाकले. कुठली कुठली ते एका बंद पाकिटात. सगळ्यांच्या मुळाशी जंतूंचं पाणी ओतून काचघर बंद झालं. रोजची पाहणी कुणी करायची, असं विभागप्रमुखांनी विचारलं तेव्हा विस्तारवालीने काकूंचं नाव सांगितलं.

"त्यांनी तर वहीत..." प्रमुख म्हणाले.

"चुकल्याचं त्यांनीच सांगितलं, सर. मला अशीच माणसं हवीत."

काकू सतरा दिवस एक बस बदलून गेल्या. कुठली रोपं कुठली ते त्यांना माहीत नव्हतं. पान कोमेजलं तर कोमेजलं, ताठ तर ताठ. एकोणिसावी कुंडी त्यांना मनातून फार आवडायची. ती बाराव्या दिवशी कोसळली. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि लिहिलं: "१९, मेलं."

अठराव्या सकाळी पाकीट उघडायचं होतं. काकाही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. विस्तारवालीने घाईत पाकीट दोनदा खाली पाडलं. शेवटी प्रमुखांनीच फोडलं. ते आकडा वाचत, काकू वहीतला शेरा सांगत, आणि विस्तारवाली उभ्या रोपांच्या रेघा फळ्यावर दोन रकान्यांत मारत होती, डावीकडे बाजारातली, उजवीकडे नालीतली.

डावीकडच्या रकान्यात रेघा वाढेनात. उजवीकडचा भरत चालला. दहा. पंधरा. विसाव्या रेघेला काका पालथ्या क्रेटवर मटकन बसले.

"साठ?" प्रमुख म्हणाले.

"उभं," काकू म्हणाल्या.

विस्तारवालीने शेवटची रेघ मारली आणि मोजलं. पुन्हा मोजलं. बाजारातल्या तीसपैकी दोन उभी. नालीतल्या तीसपैकी चोवीस.

"लगेच नाचू नका," प्रमुख म्हणाले, पण ते स्वतः चष्मा काढून पुसत होते. "अजून तीन हंगाम बघावं लागेल. वेगळी माती, वेगळं ऊन. आणि फळ बारीक आहे, पण मूळ चांगलं असेल तर त्याच्यावर मोठ्या टोमॅटोचं कलम..."

पुढचं काकूंनी ऐकलंच नाही. काचघराचं दार ढकलून त्या बाहेर आल्या. समोर विद्यापीठाचा माळी पाइप घेऊन हिरवळीला पाणी मारत होता. त्यांनी त्याला आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

"चोवीस!" त्यांनी त्याचा ओला हातच धरला. "तीसपैकी चोवीस, अहो!"

माळ्याला कसले चोवीस ते कळलं नाही. पण काकूंचा चेहरा बघून त्याने पाइप खाली टाकला, दोन्ही हात जोडले आणि तितक्याच जोरात म्हणाला, "व्वा! म्हणजे पास झालात की हो तुम्ही!"