किल्लीवाली

"किल्ली आणलीत ना, मावशी?"

मॅडमनी हे दारातूनच विचारलं. एका हातात फुलदाणी, दुसऱ्या हातात बिस्किटांचे पुडे, आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला. मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या मावशींनी नुसती मान हलवली. नाही.

"घरी विसरलात? अजून वेळ आहे, कुणाला तरी पाठवते."

"विसरले नाही. सकाळी देऊन टाकली. मालकाला."

मॅडमनी हातातलं खाली ठेवून फोन बंद केला. मावशींची खोली जाणार हे त्यांना ठाऊक होतं, पण ती नेमकी आज, देणगीदारांच्या कार्यक्रमाच्या दिवशी जाईल असं त्यांनी धरलं नव्हतं. "अरेरे," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्याच श्वासात, "मग शेवट कसा करायचा?"

शेवट म्हणजे मावशींच्या भाषणाचा शेवट. भाषण करणं हा काही मावशींचा धंदा नव्हे. त्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालतात. ऐन तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून घालतायत. लेकीला त्यावरच वाढवलं, त्यावरच तिचं लग्न केलं. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कामावरून परतल्या, तर खोलीला भलतंच कुलूप आणि गादी, भांडी, शिलाई मशीन सगळं जिन्यात. मालकाला जास्त भाड्याचा माणूस मिळाला होता. मावशी रात्रभर मशीनला टेकून जिन्यातच बसून राहिल्या. सकाळी वॉर्डातल्या एका नर्सने त्यांना मोफत सल्ला केंद्राचा पत्ता दिला.

मोफत म्हटल्यावर मावशींना आधी संशयच आला. बघितलं तर एका दुकानाच्या गाळ्यात तीन टेबलं, एक लांब बाक, आणि टेबलांमागे निवृत्त किंवा कामावरून सुटून आलेली माणसं. बाकावरच्या लोकांच्या मांडीवर कागदांच्या पिशव्या. कुणाचा पगार अडलेला, कुणाचं विजेचं बिल भलतंच फुगलेलं, कुणाचा नवरा परागंदा. पैसे तर कुणी मागितले नाहीतच, वर चहा दिला. त्यांचे कागद बघितले मास्तरांनी. शाळेतून निवृत्त झालेले, वयाने मावशींहून कितीतरी मोठे, पण सगळ्यांचं ऐकून तेही मावशीच म्हणू लागले.

"मालकाला असं परस्पर कुलूप लावता येत नाही, मावशी," मास्तर म्हणाले होते. "करार चालू आहे तुमचा. चला, चपला घाला."

ते त्यांच्याबरोबर पोलीस चौकीत गेले, तिथे दिवसभर बाकड्यावर ठाण मांडून बसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आठवड्याच्या आत कुलूप निघालं. मावशी त्या आनंदात किल्ली घेऊन केंद्रात धावत आल्या आणि मास्तरांपुढे ती हात उंचावून दाखवली. ते केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी पाहिलं. मॅडमचे डोळे भरून आले, हे खरं. आणि डोळे पुसता पुसता त्यांना एक कल्पना सुचली, हेही खरं.

कारण फुकट सल्ला फुकटात देता येत नाही. गाळ्याचं भाडं, वीज, फोन, एका कारकुनाचा पगार, सगळं देणगीवर चालतं. म्हणून वर्षातून एकदा टेबलं भिंतीला सारायची, खुर्च्या मांडायच्या आणि पैसेवाल्यांना चहाला बोलवायचं. किती लोकांना सल्ला दिला याचे आकडे वाचून दाखवले तर पाहुणे घड्याळ बघतात. आकड्यांनी कुणाचा खिसा हलत नाही. समोर माणूस उभा करावा लागतो, आणि तोही दुःख भोगून वर आलेला हवा. अजून बुडतोय त्याला बघून पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं.

तेव्हापासून दरवर्षी मावशी उभ्या राहतात. आता जिन्यातल्या मशीनपाशी आलं की थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. शेवटी पिशवीतून किल्ली काढायची, वर धरायची आणि म्हणायचं, "ही माझ्या घराची किल्ली." टाळ्या. किल्ली वर धरलेला त्यांचा मोठा फोटो केंद्राच्या दाराशी लावलाय. तिथे त्यांना नावाने कुणीच ओळखत नाही, किल्लीवाली म्हणूनच ओळखतात.

आणि दोन महिन्यांपूर्वी किल्लीवाली पुन्हा कागदांची पिशवी घेऊन बाकावर येऊन बसली. मालकाने या वेळी कुलूप लावलं नव्हतं, नोटीस पाठवली होती. मास्तरांनी ती दोनदा वाचली. त्यांच्यासमोरचा चहा गार झाला.

"या वेळी सगळं रीतसर आहे, मावशी. करार संपलाय, मुदत पुरेशी दिलीय, अनामत परत देतोय. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

मावशींना राग आला तो याचाच. दोन दिवस खोटी आशा दाखवली असती तर काय बिघडलं असतं? दोन रात्री झोप तरी लागली असती.

सामान काल लेकीकडे गेलं. लेकीचं घर दोन खोल्यांचं, त्यात ती, जावई, दोन मुलं. "आई, तू काही मनात आणू नकोस, हे काही बोलणार नाहीत," लेक तीनतीनदा म्हणाली, तेव्हाच मावशींनी ओळखलं की ते बोलून झालेले आहेत. मशीन बाल्कनीत प्लास्टिकखाली ठेवलंय.

आज सकाळी मालक किल्ली घ्यायला आला तो अगदी साखर पेरल्यासारखा बोलत होता. रिकाम्या खोलीत इकडून तिकडे हिंडला, नळ उघडून बघितला.

"राग धरू नका हं, मावशी. मागच्या खेपेला मी अडाण्यासारखं वागलो. पोलीस काय, चौकी काय, नुसती शोभा झाली. या वेळी म्हटलं, आधी नीट विचारून घ्यावं."

"कुणाला विचारलंत?" मावशींनी सहज विचारलं.

"तुमच्याच केंद्रात! दाराशी तुमचा फोटो बघितला आणि म्हटलं, बाईंचं काम इथे झालं तर आपलंही होईल. आत जाऊन बसलो बाकावर. काय चांगली माणसं आहेत हो. किती मुदत द्यायची, नोटिशीत काय लिहायचं, सगळं समजावून सांगितलं. वर चहा. एक पैसा घेतला नाही."

मावशींनी हातातल्या गोल कडीतून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. कडी मात्र त्यांची स्वतःची होती, ती पिशवीत टाकली.

*

मॅडम शेवटाचा विचार करत बाहेर गेल्या आणि मास्तर आत आले. हातात मावशींसाठी पाण्याचा पेला.

"सामान पोचलं नीट?"

मावशींनी पेला घेतला नाही. "माझा मालक इथे आला होता. सल्ला घ्यायला. तुम्हीच दिलात का?"

मास्तरांनी पेला टेबलावर ठेवला.

"इथे कोण आलं, काय विचारून गेलं, ते मी कुणाला सांगत नाही, मावशी. नियमच आहे तो. तुमच्याबद्दलही मी बाहेर कधी एक शब्द बोललो नाही."

"माझ्याबद्दल कशाला बोलायला हवं तुम्ही? माझं तर दरवर्षी माईकवर सांगतात."

मास्तर खाली बसले. म्हणाले, "बाकावर बसेल त्याला सांगायचं. कोण चांगला, कोण वाईट, हे आम्ही ठरवायला लागलो तर सहा वर्षांपूर्वी तुमच्याकडेही आधी चांगुलपणाचा दाखला मागितला असता."

"मग मागायचा होता."

मास्तरांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. मावशींना त्यांची कीवही आली आणि संतापही आला. हा माणूस आपल्यासाठी दिवसभर चौकीत उपाशी बसला होता, आणि याच माणसाने आपली खोली कशी काढून घ्यायची ते मालकाला शिकवलं असेल, तितक्याच मायेने, चहा पाजून. कुणाला शिव्या घालाव्यात?

"आज मी खरं सांगणार आहे," मावशी म्हणाल्या. "सगळं. फोटो बघून तो कसा आला तेसुद्धा."

"सांगा," मास्तर म्हणाले. "मी अडवणार नाही."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत, मावशींच्या शेजारी स्टुलावर टेकल्या.

"मावशी, एक सांगते, मग तुम्हाला हवं ते बोला. गाळ्याचं भाडं वाढलंय. यंदा कमी पैसे जमले तर एकच टेबल राहील, तेही आठवड्यातून एकदाच."

मावशींना बाकावरची एक बाई आठवली. मागच्या शुक्रवारी त्या सामान हलवायला कुणी मिळेल का ते विचारायला केंद्रात आल्या होत्या तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून तान्ह्याला पाजत होती, आणि पायाशी चादरीचं गाठोडं. घाईत बांधलेलं, गाठ सैल. अशी गाठ मावशींनी जिन्यात बसून स्वतः मारली होती.

"त्या तान्ह्या बाळाच्या आईचं काय झालं?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"ते मला सांगता येणार ना..." मास्तर बोलता बोलता थांबले. मग हळूच म्हणाले, "चाललंय. मंगळवारी परत यायचंय तिला."

मावशींनी पिशवीतून कडी काढली आणि मॅडमपुढे धरली. "द्या काय द्यायची ती किल्ली."

मॅडमनी कारकुनाच्या टेबलामागच्या खिळ्यावरची एक किल्ली आणून कडीत अडकवली. पितळी, जरा मोठीच. खऱ्यापेक्षा खरी दिसत होती.

मावशी छान बोलल्या. जिन्यातल्या मशीनपाशी थांबल्या, पाणी प्यायल्या. पाहिलं तर मोत्यांची माळ घातलेल्या पहिल्या रांगेतल्या बाई रुमाल शोधत होत्या. शेवटी मावशींनी हात वर केला. "ही माझ्या घराची किल्ली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कातर झाला. तो आजवर कधी झाला नव्हता. टाळ्या थांबेचनात. मास्तर मात्र टाळ्या वाजवत नव्हते. जमिनीकडे बघत होते.

एक वर्ष सगळी टेबलं चालतील एवढं तिथल्या तिथे जमलं. त्यातलं बरंचसं मोत्यांच्या माळेवाल्या बाईंनी कबूल केलं. त्या येऊन मावशींना मिठी मारून म्हणाल्या, "जपा हं ते घर." मग मॅडमकडे वळून त्यांनी कानात काही विचारलं.

मॅडमचा चेहरा पडला. त्या मावशींजवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, ती किल्ली जरा... बाईंना बाथरूमला जायचंय."

मावशींनी कडी उघडायचा प्रयत्न केला. नखाने ती लवकर उघडेना, आणि माळेवाल्या बाई तिथेच उभ्या होत्या, म्हणून मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. किल्ली निघाली तशी मॅडमच्या हातात दिली. कडी पुन्हा पिशवीत टाकली.

"बसा की, चहा होतोय," मॅडम म्हणाल्या.

"नको. निघते. उशीर झाला की लेकीकडे दार वाजवावं लागेल," मावशी म्हणाल्या आणि दाराशी लावलेल्या आपल्या फोटोजवळून बाहेर पडल्या.